आठही दिवे हिरवे

गणपतीला बेळगावला गेले की पहिले दोन दिवस आरत्या आणि शेजारपाजार यांतच जातात. तिसऱ्या दिवसापासून "अगं, जरा कॉम्प्युटर बघून दे की" सुरू होतं. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. पण गल्लीत कॉम्प्युटर इंजिनिअर म्हटलं की त्यात प्रिंटर, मोबाइल, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि एकदा तर मिक्सरसुद्धा आला होता. त्यामुळे २०२३ च्या गणपतीत मामा म्हणाले, "सोसायटीत एकदा येऊन जा, अक्कांचं मशीन सारखं हँग होतंय," तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

सोसायटी म्हणजे आमच्या शहापुरातली एक लहानशी पतसंस्था. मामा तिथे बरीच वर्षं सेक्रेटरी होते, आता निवृत्त आहेत. अक्का तिथल्या कॅशियर. त्यांना नावानं कोणीच हाक मारत नाही. चेअरमनपासून पिग्मी गोळा करणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच. १९८९ साली त्या लागल्या तेव्हा रोजकीर्द आणि खतावणी हातानं लिहायची पद्धत होती. समोरच्या दाराजवळ लोखंडी जाळीचं कॅश काउंटर आहे, त्यामागे त्या बसतात. मी लहानपणी आजीबरोबर जायची तेव्हा त्या जाळीच्या खिडकीतून मला लिमलेटची गोळी मिळायची.

गेल्यावर कळलं की प्रकरण मशीन हँग होण्याच्या पुढे गेलं होतं. अक्कांना मेमो मिळाला होता.

झालं असं होतं. जूनमध्ये सोसायटीत नवं सॉफ्टवेअर आलं. तेव्हापासून अक्कांच्या मशीनवर मधेच स्क्रीन गोठायचा. ऑगस्टमध्ये एका खातेदाराला १२,००० रुपये देताना स्क्रीन असाच थांबला. समोर रांग होती, म्हणून अक्कांनी पुन्हा बटण दाबलं आणि त्या खात्यावर रक्कम दोनदा नावे पडली. संध्याकाळी रोख मोजताना पुस्तकापेक्षा १२,००० रुपये जास्त भरले. अक्कांनी स्वतःच ते शोधलं, स्वतःच सेक्रेटरींना सांगितलं, दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून घेतली. कोणाचा एक पैसा गेला नाही. पण मेमो आला: खुलासा करावा. आणि अनंत चतुर्दशीनंतरच्या मीटिंगमध्ये विषय होता की कॅश दुसऱ्या कोणाकडे द्यावी आणि अक्कांना आवक-जावक टेबलावर बसवावं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"वय झालं, नवीन सॉफ्टवेअर जमत नाही त्यांना," असं ऑफिसात सगळेच म्हणत होते. वाईट हेतूनं नव्हे, अगदी काळजीनं. मला हे लिहिताना संकोच वाटतो, पण मलाही तेच वाटलं. पहिल्या दिवशी मी अक्कांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि त्या कोणती बटणं दाबतात ते बघत राहिले. "अक्का, स्क्रीन थांबला की लगेच पुन्हा क्लिक करू नका, जरा धीर धरा," असा उपदेशही केला. त्या "बरं" म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला 'आहेस का?' विचारायचं आणि दुसऱ्यानं 'आहे' म्हणायचं. शंभर वेळा विचारलं, शंभर वेळा उत्तर आलं. मेंटेनन्सचं कंत्राट असलेला मुलगाही तिथेच होता. तो म्हणाला, "मॅडम, वायर मी दोनदा चेक केली." आणि त्यानं तिसऱ्यांदा करून दाखवली. तीन-चारशे रुपयांत मिळतो तो साधा टेस्टर. त्याचे दोन भाग असतात, वायरच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लावायचा. वायरच्या आतल्या आठ तारांपैकी एकेकीतून तो क्रमानं वीज सोडतो आणि पलीकडे एकापाठोपाठ एक दिवे लागतात. एक, दोन, तीन, चार, आठपर्यंत. आठही हिरवे. अक्का जाळीमागून ते दिवे बघत होत्या. वायर ठीक, मशीन त्यानं आधीच एकदा बदललेलं, सॉफ्टवेअर बाकीच्या काउंटरवर चाललेलं. मग दोष उरतो कोणाचा, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी निघताना अक्कांनी ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढून माझ्या हातात दिली. "हे बघ काही उपयोगाचं असलं तर."

मी सतरा-अठरा वर्षं या क्षेत्रात आहे, शिकतानाची धरून. इतकी चांगली नोंद मला फार थोड्या वेळा मिळालेली आहे. १२ जूनपासून प्रत्येक वेळी स्क्रीन थांबला की अक्कांनी तारीख, वेळ, त्या क्षणी काय काम चाललं होतं, किती वेळ थांबला आणि मग काय झालं, असे पाच रकाने भरले होते. लाल रेघेचा समास, एकही खाडाखोड नाही. एकूण ८७ नोंदी. आम्ही कंपनीत मोठमोठी यंत्रणा उभारतो ती हेच लिहून ठेवण्यासाठी, आणि तरीही नेमका हवा तो रकाना रिकामा असतो.

रात्री घरी गौरीसमोर बसून मी ती वही वाचली. ८७ पैकी ६१ नोंदी 'पैसे काढणे' या कामाच्या होत्या. १९ 'रोजकीर्द बघणे' किंवा 'खातेउतारा बघणे'. पैसे भरण्याच्या वेळच्या फक्त ७. दिवसाला भरणारे आणि काढणारे साधारण सारखेच असतात. अक्कांनी स्वतःच एका पानाच्या खाली लिहिलं होतं, 'देताना जास्त. घेताना क्वचित.' ऑफिसातल्या लोकांनी याचा अर्थ असा लावला होता की पैसे देताना बाई घाबरतात.

मी अर्थ वेगळा लावला, कारण मला नवं सॉफ्टवेअर माहीत होतं. पैसे काढायला माणूस आला की ते त्याचा फोटो आणि सहीचा नमुना स्क्रीनवर आणतं. उतारा बघायचा तरी बरीच माहिती सर्व्हरवरून एकदम यावी लागते. पैसे भरताना मात्र फक्त चार आकडे जायचे असतात. म्हणजे जेव्हा जेव्हा सर्व्हरकडून अक्कांच्या मशीनकडे काहीतरी मोठं यायचं असायचं, तेव्हा अडत होतं. लहान असेल तर निभत होतं.

आणि आमचं पिंग? विंडोजवर साधं पिंग केलं की ते फक्त ३२ बाइट पाठवतं. ट्रक जाईल का हे बघायला पुलावरून सायकल चालवून पाहावी, तसला प्रकार. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटी उघडायच्या आधी जाऊन मी तेच पिंग १४०० बाइटचं केलं. शंभरातली नऊ हरवली. मग मशीनला नेटस्टॅटची आज्ञा देऊन विचारलं की तुझ्याकडे किती माहिती खराब होऊन आली. गेलेल्या बाजूला चुका शून्य. आलेल्या बाजूला हजारोंनी.

हे जरा समजावून सांगते. नेटवर्कवर माहिती लहान लहान पाकिटांतून जाते, एका पाकिटात फार तर १५०० बाइट. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा असतो, कॅशच्या बंडलावर चिठ्ठी असते तसा. आत एक बिट जरी बदललं तरी हिशेब जुळत नाही आणि अख्खं पाकीट गुपचूप टाकून दिलं जातं. कोणी ओरडत नाही, पडद्यावर सूचना येत नाही. पलीकडचा थोडी वाट बघतो, पुन्हा पाठवतो, तेही खराब झालं तर आणखी जास्त वाट बघतो. आपल्याला दिसतं ते एवढंच की स्क्रीन थांबला. लहान पाकिटात चूक व्हायला जागाच कमी, म्हणून ३२ बाइट सहज सुटतात.

तेव्हा वायरच. पण आठ दिवे हिरवे असलेली वायर.

आधी वाटलं, लांब असेल. या वायरींना १०० मीटरची मर्यादा असते. सोसायटीचं घर जुनं, बेळगावच्या गल्लीत असतं तसं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. सर्व्हर मागच्या केबिनमध्ये, कॅश समोर दाराशी, वायर माळ्यावरून गेलेली. लांबी मोजायला टेप लागत नाही. चांगल्या केबलच्या अंगावर दर थोड्या अंतरावर आकडे छापलेले असतात. केबिनमधल्या टोकाजवळ ६१२ होतं आणि कॅशच्या टोकाजवळ ७४३. म्हणजे १३१ फूट, चाळीस मीटर. यात काहीच कठीण नाही.

मग एक युक्ती केली. अक्कांच्या मशीनचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएस वेगानं चाललं होतं. ते मी सेटिंगमध्ये जाऊन जबरदस्तीनं १० वर आणलं, तेही हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच जण बोलेल असं. १४०० बाइटचं पिंग पुन्हा लावलं. शंभरातली शंभर आली. हजारातली हजार आली. त्या दिवशी अक्कांचा स्क्रीन एकदाही थांबला नाही. सही जरा सावकाश यायची, पण यायची. सेक्रेटरी म्हणाले, झालं की मग. खरं तर तिथे थांबता आलं असतं. पण सावकाश चालतं आणि जोरात चालत नाही, हे लक्षण मला कुठेतरी वाचल्यासारखं आठवत होतं आणि ते चैन पडू देईना.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत टॉर्च घेऊन केबिनमध्ये गेले. वायरच्या टोकाला जो प्लास्टिकचा पारदर्शक प्लग असतो, आरजे-४५ म्हणतात तो, त्यातून आतल्या तारांचे रंग दिसतात. डावीकडून पाहिलं. पांढरी-नारिंगी, नारिंगी. पांढरी-हिरवी, हिरवी. पांढरी-निळी, निळी. पांढरी-तपकिरी, तपकिरी. अगदी ओळीनं, जोडीला जोडी लावून, शाळेतल्या मुलांना उभं करावं तसं. बघायला फार सुंदर. आणि चूक.

बरोबर क्रम असा असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येऊन बसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणाच वाटतो. पण त्याला कारण आहे. शंभरच्या वेगाला मशीन आठांपैकी चारच तारा वापरतं. पहिली आणि दुसरी मिळून पाठवायला, तिसरी आणि सहावी मिळून घ्यायला. या दोन-दोन तारा वायरच्या आत एकमेकींना पिळलेल्या असाव्या लागतात. बाहेरून जो काही गोंगाट येतो, ट्यूबलाइटच्या चोकचा, पंख्याचा, शेजारच्या तारांचा, तो पिळलेल्या दोघींवर सारखाच पडतो. घेणारं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी याचं पेटंट १८८१ साली घेतलं, आणि आपल्या घरी आलेली इंटरनेटची वायर आजही त्याच पिळावर चालते. केबल सोलून पाहा, चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त असतो. शेजारणींचं बोलणं एकमेकींच्या कानावर पडू नये म्हणून.

आता ओळीनं लावलेल्या वायरीत काय होतं बघा. तिसऱ्या जागेवर पांढरी-हिरवी, सहाव्या जागेवर निळी. या दोघी एकमेकींना पिळलेल्याच नाहीत. एक हिरवीला बिलगलेली, दुसरी पांढऱ्या-निळीला. गोंगाट दोघींवर वेगवेगळा पडतो आणि वजा होत नाही. याला स्प्लिट पेअर म्हणतात, फुटलेली जोडी म्हणू. साधा टेस्टर हे कधीच पकडू शकत नाही, कारण तो एवढंच विचारतो की या टोकाची तीन नंबरची तार त्या टोकाला तीन नंबरवरच निघते का. ती निघतेच. दोन्ही टोकांना चूक सारखीच केलेली असते ना. हा दोष मोजणारी यंत्रंही असतात, पण ती साध्या टेस्टरपेक्षा बरीच महाग असतात. गल्लीतल्या कंत्राटाच्या मुलाकडे ती कुठून असणार? आणि फुटलेली जोडी हळू वेगाला निभावून नेते. तिचं हेच वाईट आहे. वेग वाढवेपर्यंत कळत नाही.

मशीन आणि स्विच वेग ठरवतात तेव्हा वायरला कोणी विचारत नाही, हेही मला त्या दिवशी नव्यानं जाणवलं. जोडल्याबरोबर दोघं एकमेकांना सांगतात, मला शंभर जमतं, मलाही जमतं, चला शंभर. मधल्या बाईला जमतं का, हा प्रश्नच नाही.

प्लगपासून वीतभर अंतरावर वायरला पांढरी औषधाची चिकटपट्टी गुंडाळलेली होती, जखमेला लावतात ती. त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं: कॅश. 'श' ची गाठ जरा जास्तच मोठी.

मी टॉर्च धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. तो 'श' माझा होता.

२००६ साल. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलं होतं. सोसायटीत चार कॉम्प्युटर आले होते आणि मामा सेक्रेटरी. बाहेरच्या माणसानं वायरिंगचे सांगितलेले पैसे ऐकून मामा म्हणाले, आमची भाची इंजिनिअरिंगला आहे, ती करेल. मी हवेत. ३०५ मीटरचं केबलचं खोकं आणलं, कॉलेजच्या एका सीनियरकडून क्रिम्पर मागून आणला आणि चार दिवस माळ्यावर जळमटांत रांगून वायरी टाकल्या. रंगांचा क्रम कोणाला विचारायचा? पुस्तकात तो विचित्र क्रम पाहिल्याचं अंधुक आठवतं, पण मला वाटलं की दोन्ही टोकं सारखी असली म्हणजे झालं. तार ती तार. शिवाय मामांनी कोणाचा तरी मोडीत निघालेला १० एमबीपीएसचा हब मिळवला होता. त्यावर सगळं उत्तम चाललं. चेअरमननी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला एक पेनसेट मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे.

मग उलगडा सोपा होता. २०१३ मध्ये सोसायटीचं फर्निचर बदललं तेव्हा बाकी काउंटरच्या वायरी कंत्राटदारानं नव्या टाकल्या. कॅशची जाळी हलवायची नव्हती, म्हणून तेवढी एक वायर राहिली, आणि तिच्यासाठी तो जुना हबही राहिला. चालतंय ते काढायचं कशाला? २०२३ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि हब गेला. मुलानं वायर काढून नव्या स्विचला लावली. वेग दहाचा शंभर झाला. त्याच पंधरवड्यात नवं सॉफ्टवेअर आलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि दोष मिळाला तिसरीला.

दोन्ही टोकांचे प्लग कापून मी नव्यानं लावले. केबल मुद्दाम बदलली नाही. केबल निर्दोष होती, क्रिम्प करणारी दोषी होती, आणि हे मला नीट सिद्ध करायचं होतं. सतरा वर्षांपूर्वी मी तारांचा पीळ इंचभर उसवून ठेवला होता, तोही प्लगच्या तोंडापर्यंत आणला. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नये असा नियम आहे. कार्ड पुन्हा शंभरवर ठेवलं. १४०० बाइटची हजार पिंग, हजार परत. नेटस्टॅटमध्ये चुका वाढायच्या थांबल्या. मेंटेनन्सच्या मुलाला शेजारी बसवून जुना आणि नवा प्लग दोन्ही दाखवले. त्यानं दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, मी तर कलर मॅच आहेत एवढंच बघतो." मी म्हटलं, मीही तेच बघितलं होतं.

अक्कांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. शटर अर्धं ओढून झाल्यावर त्या नाणी मोजत होत्या. मी कापलेला प्लग त्यांच्यासमोर ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. २००६, क्रिम्पर, ओळीनं लावलेले रंग. त्यांनी मोजणं पूर्ण केलं, आकडा लिहिला, मग चष्मा वर करून प्लग उजेडात धरला.

"मग इतकी वर्षं कशी चालली?"

"हब हळू होता म्हणून. जोर पडलाच नव्हता तिच्यावर."

"आणि टेस्टरचे दिवे?"

"त्याला एवढंच कळतं, अक्का. तार तुटली आहे का नाही, बस."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मेमो तुला द्यायला पाहिजे होता की गं." आणि हसल्या. मला हसता आलं नाही. चार महिने त्या रोज संध्याकाळी घरी जाऊन मुलाला विचारत होत्या की माझ्या हाताला कंप आहे का, बघ. हे मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं.

मी सेक्रेटरींच्या नावानं एक पानभर लिहून दिलं. काय दोष होता, कसा सापडला, दोष कोणी केला होता, आणि नोंद दोनदा पडण्यात अक्कांच्या चुकीचा भाग किती होता. थोडा होता, तोही लिहिला. स्क्रीन थांबल्यावर आधीची नोंद पडली का ते बघायला हवं होतं. पण तशी सोय सॉफ्टवेअरनं दिली नव्हती, हेही लिहिलं. त्यांच्या वहीतल्या ८७ नोंदींची झेरॉक्स जोडली. मीटिंगमध्ये विषय आला आणि गेला, कॅश अक्कांकडेच राहिली. मेमो मात्र मागे घेतला नाही. आवकला चढलेला कागद फाडता येत नाही म्हणे. त्याला माझं पत्र टाचून फाइलला लावलं आहे. मला हे पटलं नाही, मामांनाही नाही. अक्का म्हणाल्या, राहू दे, पण पत्राच्या माझ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का मारून घेतला आणि ती प्रत वहीत चिकटवली. त्याच पानावर माझ्याकडून रंगांचा बरोबर क्रम लिहून घेतला, एकापासून आठपर्यंत, खाली सही आणि तारीख.

तुमच्या घरी किंवा दुकानात जुनी वायर असेल तर एक सोपी गोष्ट करून पाहता येते. कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वेग दिसतो. राउटर आणि मशीन दोन्ही गिगाबिटचे असून तिथे १०० च दिसत असेल, तर बहुधा आठांपैकी एखादी तार तुटलेली किंवा नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. आणि वेग बरोबर दिसत असूनही मधेच अडत असेल तर प्लगमधून रंग बघा. टॉर्च पुरतो.

त्या २००६ च्या सुट्टीत सोसायटीचं काम बघून मला आणखी दोन ठिकाणी बोलावलं होतं. एक डॉक्टरांचा दवाखाना, तो आता बंद झाला. दुसरं एक वाचनालय. पुण्याला परत आल्यावर मी तिथल्या ग्रंथपालांना फोन केला, तुमचे कॉम्प्युटर कसे चाललेत म्हणून. "चाललेत की," ते म्हणाले. "गेल्या वर्षी नवीन राउटर बसवला. देवघेवीचं मशीन तेवढं जरा अडतं. पण तिथल्या बाई नवीन आहेत ना, त्यांना अजून जमत नाही."

दिवाळीला जाते आहे. क्रिम्पर आजच बॅगेत टाकला.